नेसली की घातली

भाची हळदीच्या दिवशी सकाळी दारातूनच ओरडली, "आत्या, बघ, मी नऊवारी घातली!"

स्वयंपाकघरातल्या आम्ही चौघी जणी एकदम वळलो. जांभळा रंग, हिरवा काठ, मागं नीट बसलेला काष्टा, पुढं कडक निऱ्या. पोर देखणी दिसत होती. "घातली नाही गं, नेसली म्हणावं," हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं कमरेजवळची चेन खाली-वर करून दाखवली. शिवलेली नऊवारी होती ती. सलवारीसारखे दोन्ही पाय घालायचे, वर ओढायची, चेन लावायची, पदर खांद्यावर टाकून पिन मारायची. निऱ्या शिंप्यानंच शिवून दिलेल्या. पाच मिनिटांत तयार.

मी गप्प बसले, कारण तिचं बरोबर होतं. ती साडी घालायचीच असते. नेसावं असं तिच्यात काही उरलेलंच नसतं. पोरीनं न कळत नेमकं क्रियापद वापरलं होतं, आणि चूक काढायला निघालेली मीच अडकून पडले. दिवसभर पाहुण्यांचं चहापाणी चाललं होतं, हळदीची वाटी या हातातून त्या हातात फिरत होती, आणि माझ्या डोक्यातून ते एक क्रियापद काही हलत नव्हतं.

मराठीत अंगावर चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला आपापलं क्रियापद आहे. सदरा घालतात. लुगडं आणि धोतर नेसतात. फेटा बांधतात. शाल पांघरतात. पदर घेतात. बांगड्या भरतात. गजरा माळतात. कुंकू लावतात, मळवट भरतात. जुन्या बोलण्यात काजळ लेतात, आणि दागिन्याला लेणं म्हणतात ते त्याच ‘लेण्या’वरून. हाताची हालचाल वेगळी, म्हणून शब्द वेगळा. बांगड्या भरायच्या तर हात पुढं करून कासाराच्या हातात द्यावा लागतो. माळायला केसांचा आधार लागतो. आणि नेसायला न शिवलेलं कापड लागतं. ज्याला अजून कात्री लागलेली नाही, ज्याचा आकार आज, या अंगावर, या हातांनी ठरणार आहे असं कापड. उद्या तेच दुसऱ्या अंगावर दुसऱ्या आकाराचं होईल. एवढं सगळं ‘नेसणे’ या तीन अक्षरांत बसलेलं आहे.

"लुगडं नेसत्यात, झंपर घालत्यात," आजी म्हणायची. लहानपणी मी उलटसुलट बोलले की ही दुरुस्ती ठरलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण क्रियापद चुकलेलं तिच्या कानाला खडा लागावा तसं लागायचं.

आजी इरकली नेसायची. गर्द हिरवं अंग, लाल पदर, पदरावर पांढरे पट्टे. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, पण ती वार म्हणायची नाही, हात म्हणायची. अठरा हाती लुगडं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दुकानदारानं मोजून दिलेलं लुगडं ती घरी आणून पुन्हा आपल्या हातानं मोजायची, आणि ते मोजणं संपेपर्यंत कुणी तिच्याशी बोलायचं नाही.

पहाटे चुलीच्या उजेडात तिला नेसताना मी अंथरुणातून बघायचे. लुगड्याचं टोक कमरेभोवती यायचं आणि पुढं एक गाठ बसायची. परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. सव्वाआठ मीटर कापडाचा सगळा भार त्या एका गाठीवर. मग बोटांत निऱ्या पडत जायच्या. अंगठा आणि करंगळी ताणून धरलेली, मधली बोटं कापड मागंपुढं घेतायत, आणि खळ घातलेल्या सुताचा सर्र सर्र आवाज. निऱ्यांची खालची कड दोन पायांतून मागं जायची, पाठीशी खोचली जायची, काष्टा व्हायचा. शेवटी आजी एकदा खाली बसायची. अगदी उकिडवी, भांगलायला बसतात तशी. काष्टा कुठं ओढत नाही, गाठ कुठं काचत नाही, याची खात्री झाली की उठायची आणि पदर खोचून कामाला लागायची. आरशात मात्र कधी बघायची नाही. तिच्या लेखी लुगडं नीट बसलं की नाही हे अंगाला कळायचं, डोळ्यांना नाही.

कमरेच्या गुंडाळीत एक जागा राहायची. कनवटी. तिच्यात सुटे पैसे, कपाटाची किल्ली, मिसरीची पुडी. एस्टीत कंडक्टर आला की आजी जरा वळायची, कनवटीतून घडी घातलेली नोट काढायची. ती नोट नेहमी कोमट असायची. तिनं मला खाऊला दिलेली नाणीही तशीच, अंगाच्या उबेची.

मला नेसायला तिनं कधी समजावून सांगून शिकवलं नाही. एका सुट्टीत जुनं लुगडं माझ्या कमरेला गुंडाळलं, माझ्या बोटांवर तिची बोटं ठेवली आणि निऱ्या घालायला लागली. तिची बोटं खरखरीत होती. माझी बोटं तिच्या बोटांखाली दोनतीनदा अडखळली, मग चालायला लागली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

आज नेसणाऱ्या थोड्या उरल्या, पण मराठीनं अजून लुगडं फेडलेलं नाही. माझा भाऊ जन्मभर पँट-शर्टात वावरलेला माणूस, पण लग्नाच्या खर्चाचं बोलताना तोही म्हणतो, "वरचे मी पदरचे घातले." पदरमोड करणारे पुरुष आपल्याकडं हजारो आहेत, आणि त्यांतल्या एकाच्याही खांद्यावर पदर नाही. मदत मागायची तर पदर पसरायचा. चूक झाली तर पदरात घ्या म्हणायचं. वाट्याला आलं ते पदरी पडलं. मूल दत्तक दिलं तर ओटीत घातलं. सोयरीक जुळवताना आमच्याकडची म्हातारी माणसं अजून विचारतात, "त्यांचा आमचा पदर लागतो का?" म्हणजे दोन घराणी नात्यानं कुठं जुळतात का. मुलगी वयात आली की तिला पदर आला. बोलण्यात एकाखाली एक अर्थ असले की त्या अर्थांनाही पदरच. आणि अवघड कामाला हात घालायचा तर पुरुषानं काय, बाईनं काय, कंबर कसायची.

आणि घडी. नवं लुगडं पहिल्यांदा नेसणं म्हणजे त्याची घडी मोडणं. आमच्या घरात घडी मोडायला आधी जवळच्या बाईला द्यायची रीत होती. आईनं पैसे साठवून घेतलेली पहिली पैठणी तिनं माझ्या चुलतीला घडी मोडायला दिली होती, आणि चुलती ती नेसून दिवसभर अशी वावरली होती की जणू तान्हं मूल अंगावर घेतलंय. संसाराची घडी बसते, विस्कटते, हे आपण म्हणतो ते याच हातांनी. कापड विरतं तसा आवाज हवेत विरतो. रंग विटतो तसा जीव विटतो. शिवण उसवते तसं नातं उसवतं. हे शब्द कुणी रूपक म्हणून बसून बनवले असतील असं मला वाटत नाही. जिच्या हाताखालून रोज कापड जायचं, तिनं आपल्या दुखण्यालाही हाताशी होता तोच शब्द दिला.

रंगांचंही तसंच. आई दुकानात "आमसुली दाखवा" म्हणायची आणि माणूस बरोबर तोच गठ्ठा ओढायचा. अंजिरी, डाळिंबी, गुलबक्षी, अबोली, शेवाळी, पोपटी, मोरपिशी, चिंतामणी. संक्रांतीची काळी साडी ती नुसती काळी नव्हे, चंद्रकळा. काळ्या रंगाला चंद्राचं नाव देणारी ती पहिली बाई कोण असेल, याचा मी कितीदा तरी विचार केलेला आहे. परवा भाची फोनवर कुणाला तरी साडीचा रंग सांगत होती, "डार्क पर्पल". शेजारी टोपलीत जांभळं होती.

एक लुगडं किती जगायचं ते सांगते, कारण ते आता कुठं बघायला मिळायचं नाही. नवं असताना ते सणावाराचं. दोन-तीन वर्षांनी बाजारहाटाचं. मग रोजचं. रोजच्या नेसण्यानं बसायच्या जागी, मधोमध, कापड विरायला लागायचं. तेव्हा तो विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडून शिवायची. याला म्हणायचं दंड घालणं. दंडाचं लुगडं रानात नेसायला आणखी एक-दोन वर्षं चालायचं. तेही जीर्ण झालं की ते धडुतं. धडुत्याचे थर लावून गोधडी. गोधडीतून उरलेल्या मऊ तुकड्याचं दुपटं, बाळोती. नव्या जिवाच्या अंगाला नवं कापड बोचतं, त्याला शंभरदा धुतलेलं लुगडंच लागतं. आमच्या घरातलं प्रत्येक मूल आधी आजीच्या किंवा पणजीच्या लुगड्यात गुंडाळलं गेलंय. त्यानंतर चिंधी, कापल्या बोटाला बांधायला. अगदी शेवटी पोतेरं, चुलीपुढं सारवायला. मग माती.

प्रत्येक टप्प्याला नाव होतं, आणि मला वाटतं नाव होतं म्हणूनच तो टप्पा यायचा. दंड हा शब्द घरात फिरत असला की विरलेलं लुगडं बघून हात सुईकडं जातो. शब्द नसेल तर तेच कापड नुसतं ‘जुनं’ दिसतं. आपल्या कपाटांत आता दोनच जाती राहिल्यात, नवीन आणि जुनी. मधले सगळे शब्द गेले आणि त्यांच्याबरोबर कापडाचं मधलं सगळं आयुष्यही गेलं.

माझ्या घरातून लुगडं गेलं ते वर्ष मला नेमकं आठवतं. १९८१. वडिलांची बदली शहरात झाली आणि आम्ही एका चाळीत दोन खोल्यांत राहायला आलो. तोवर आई लुगडंच नेसायची. पहिल्याच आठवड्यात नळावर कुणी तरी तिला विचारलं, "गावाकडच्या का तुम्ही?" विचारणारीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आईनं त्या रात्री वडिलांना सांगितलं, दोन गोल पातळं आणा. पाचवारी पातळ, खाली परकर. सुरुवातीला तिला चालता यायचं नाही, पाय अडकायचे; जिना चढताना ती दोन्ही हातांनी निऱ्या उचलून धरायची. वर्षानुवर्षं डोक्यावर पाण्याची घागर घेऊन ढांगा टाकत गेलेली बाई, जिन्याच्या बारा पायऱ्यांना बिचकायची.

माझं शाळेत झालं. वर्गात बाईंनी विचारलं, सकाळी घरी कोण काय करत होतं ते सांगा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आई लुगडं धूत हुती." वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी माझ्याकडून ‘आई साडी धूत होती’ तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा मी ते अगदी स्वच्छ म्हटलं. त्यांनी शाबासकी दिली. ती शाबासकी मला अजून टोचते.

त्या वर्षी आईनं लुगडं सोडलं आणि मी ‘हुती’ सोडलं. दोघींनाही कुणी मारून-मुटकून सोडायला लावलं नव्हतं. एका हसण्यानं आणि एका साध्या प्रश्नानं ते काम झालं. सुट्टीत गावी गेलो की आई पहिल्या रात्रीच ट्रंकेतून लुगडं काढायची. दुसऱ्या दिवशी ती वेगळीच चालायची, वेगळीच हसायची, बोलायची सुद्धा मोठ्यानं. मला मात्र परत जमेना. जीभ अडखळायची. "आजी, पाणी तापलं होतं का?" असं मी विचारलं तेव्हा आजी जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "घरात शाळंतलं बोलू नगंस, बाय." पुढं अनेक वर्षं मी शहरात गावाची आणि गावात शहराची होते. हे दुःख फार मोठं नाही, मला कळतं. पण ज्यांनी ते भोगलंय ती माणसं महाराष्ट्रात घरोघर आहेत. वऱ्हाडातली आहेत, खानदेशातली आहेत, मालवणातली आहेत.

मात्र लुगड्यासाठी हळहळताना मला महाड आठवतं, आणि आठवलंच पाहिजे. लुगडं ‘आम्ही कोण’ एवढंच सांगत नव्हतं. ‘तू कोण’ हेही बजावत होतं. किती वर नेसायचं, अंगावर दागिना कशाचा घालायचा, यावरून बाईची जात शंभर पावलांवरून ओळखू यायची, आणि ती ओळखू यावी अशीच व्यवस्था होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की तुमची नेसण्याची पद्धत आणि तुमच्या अंगावरचे ते दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती टाका, लुगडं खालपर्यंत नेसा. बायकांनी तिथंच, त्या मुक्कामातच, नेसण बदलली. तेवढंच कापड, तेच हात. काठ घोट्याकडं उतरला आणि शेकडो वर्षं वाचून दाखवली जाणारी एक ओळ पुसली गेली. वारसा म्हणून मी जे कुरवाळते, ते कुणाच्या तरी अंगावर शिक्का होतं. तो शिक्का त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला, हाही माझ्या भाषेचा आणि माझ्या कापडाचा वारसाच आहे, आणि इरकलीच्या लाल पदराहून मला तो अधिक मोलाचा वाटतो.

तसंच आलवण. नवरा वारलेल्या बाईचे केस उतरवायचे आणि तिला तांबडं आलवण द्यायचं. आजन्म तेच. आजीच्या लहानपणी शेजारच्या वाड्यात तशी एक होती; तिच्याबद्दल बोलताना आजीचा आवाज बारीक व्हायचा. भाचीला आलवण हा शब्द माहीत नाही. याचा मला मनापासून आनंद आहे. जाणारा प्रत्येक शब्द रडावा असा नसतो.

आणि ‘अस्सल मराठमोळं’ म्हणून आपण जे मिरवतो ते विणलं कुणी? इरकल हे बागलकोट जिल्ह्यातलं इळकल, आजच्या कर्नाटकातलं. चोळीचा खण त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. नारायणपेठ तेलंगणात. महेश्वर नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशात. अहिल्याबाई होळकरांनी तिथं राजधानी केली आणि विणकर वसवले. सोलापूरच्या मागांवर बसणाऱ्या पद्मशाली घरांतून पिढ्यानपिढ्या तेलुगू बोललं जातं. इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे वेगळे असतात. ते फासे घालून एकात एक अडकवतात आणि मग पुढं पदर विणतात. कन्नड विणकर त्याला तोप तेणी म्हणतात. म्हणजे आजी कन्नड नेसून मराठी बोलायची. ज्या वाटेनं लुगडी आली त्याच मुलखातून आपल्या घरात अक्का आणि अण्णा आले, आणि आता त्यांना परकं म्हणायची कुणाची छाती आहे?

उलट बाजूनं बघावं तर ही नऊवारी कुठं कुठं पोचली! वसईकडच्या सामवेदी ख्रिस्ती म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसून चर्चमध्ये जातात आणि घरी कादोडी बोलतात. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, घरांच्या जुन्या फोटोंत बायका नऊवारीत आहेत. आडनावांना गावाचा ‘कर’ लागलेला, शनिवारी शब्बाथ पाळलेला, आणि बोलणं मराठी. ती मराठी त्यांनी पुढं इस्राएलपर्यंत नेली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्यांच्या वंशजांच्या घरात आजही मराठी आहे, तमिळच्या शेजारात तिचं वळण बदललेलं, आपल्या कानाला जरा जुनं वाटणारं. देव वेगळा, राज्य वेगळं, जेवण वेगळं. मग यांना आणि मला जोडणारं काय, असं कुणी विचारलं तर मला फार विद्वत्तेचं उत्तर येत नाही. कमरेची गाठ आणि क्रियापद, एवढंच सुचतं.

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या संध्याकाळी मी फोन करून चार जणांना सांगितलं आणि डोळे भरून आले. पण पगडी सत्काराच्या वेळी दहा मिनिटं डोक्यावर राहते, मग खोक्यात जाते. भाषेचं तसं होऊ नये, तिच्यात भांडावं, हिशेब करावा, पोरांना रागवावं, असं मला फार वाटतं.

हळदीच्या रात्री नाचून नाचून भाचीच्या त्या नऊवारीची चेन तुटली. सकाळी ती ते बोचकं घेऊन माझ्याकडं आली. "आत्या, आता काय घालू?" लग्न साडेअकराचं, शिंपी मिळायची वेळ नव्हती. मी ट्रंक उघडली. आजीचं शेवटचं इरकली माझ्याकडं होतं, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं.

मी स्वतः तीसेक वर्षांत लुगडं नेसले नव्हते. माझ्या कमरेला पाचवारीची सवय. पहिल्यांदा काष्टा ढिला पडला, सगळं सोडून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि बोटांना करू दिलं. भाचीची बोटं खाली, माझी वर. तिची बोटं गुळगुळीत, लांब नखांची. निऱ्या घेताना अडखळली, मग चालायला लागली.

"आत्या, ही गाठ सुटली तर?"

"सुटत नाही. आवळ की वाईच."

ती हसली. "वाईच म्हणजे?"

मी थबकले. चाळीस-बेचाळीस वर्षांत हा शब्द मी वापरला नव्हता. कुठून आला कुणास ठाऊक. मी म्हटलं, "थोडीशी. जरा." आणि पुढं नेसवता नेसवता माझ्या तोंडून एकेक निघतच गेलं. असं न्हाय, हिकडनं घे. व्हय, आता मागं खोव. आजीची पूर्ण वाक्यंच्या वाक्यं, तिच्याच हेलात, जशी कापडाच्या घडीतून सुटून पडत होती. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. पदराचा काठ तेवढा पुढं येऊन सारखा केला.

"आता खाली बस," मी भाचीला म्हणाले. "उकिडवी. ओढतंय का बघ."

ती बसली, उठली, पुन्हा बसली. मग अंगणात जाऊन एक मोठी ढांग टाकून आली. "अगं, यात पळता येतं!" शिवलेल्या नऊवारीत तिला ते कळलं नव्हतं. जाता जाता तिनं फोन ठेवायला खिसा चाचपला. खिसा नव्हता. तिनं कुणाला विचारलं नाही, कमरेच्या गुंडाळीत फोन सारला आणि वर एक वळसा दिला.

मांडवात चौथं मंगलाष्टक चालू असताना फोन वाजायला लागला. लोक वळून बघायला लागले. ती भांबावून खुर्चीवर, खुर्चीखाली, माझ्या पिशवीत शोधायला लागली.

"कनवटीला बघ," मी म्हटलं.

तिचा हात सरळ कमरेकडं गेला.